हिवाळ्यातला जखमी घोडा



घोडेस्वारीच्या तासाला तुम्ही मला विचारता की दुडकी कशी धरायची, उडीला घोडा कुठून सोडायचा, रिकिबीत पाय किती घालायचा. घोडा नुसता उभा कसा ठेवायचा, हे कोणी विचारत नाही. आज मी त्याबद्दलच लिहिणार आहे. डोंगरावरच्या कडक थंडीत घोड्याला जखम झाली, तर पुढचे काही आठवडे त्याला पागेत नीट उभा ठेवणे हे काम उडी मारण्यापेक्षा अवघड असते. त्यात जखमेवरची पट्टी हा लहान भाग आहे. थंडीत जायबंदी झालेला घोडा जखमेने दगावलेला मी क्वचित पाहिला. दगावतो तो पोटामुळे, नाहीतर ज्या पायाला काहीच झालेले नाही त्या धड पायामुळे.

मी साताऱ्याकडचा. घरी बैल होते, घोडा नव्हता. घोडा मला सैन्याने दिला. रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये घोडे आणि खेचरे सांभाळत नोकरी झाली आणि आता काही वर्षे तुमच्यात आहे. खाली जे लिहितो त्यातले बरेचसे तिथे शिकलो, काही आपल्या पागेत शिकलो. एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख वाचून कोणी डॉक्टर होणार नाही. सुई, टाका, औषधाची मात्रा हे पशुवैद्यकीय डॉक्टरांचे काम. माणसांच्या गोळ्या घोड्याला द्यायच्या नाहीत. पण बर्फ पडला की आपल्याकडचा रस्ता बंद होतो आणि डॉक्टरांना वर यायला कधी अर्धा दिवस, कधी दीड दिवस लागतो. तेवढा वेळ घोडा तुमच्या हातात असतो. डॉक्टर येऊन गेल्यावरचे सहा-सात आठवडेही तुमच्याच हातात असतात.

आधी थंडीबद्दलचा एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला थंडी वाजते म्हणून घोड्यालाही तेवढीच वाजत असेल असे नाही. लडाखमधले झंस्कारी आणि हिमाचलातले स्पिती जातीचे घोडे शून्याच्या कितीतरी खाली उघड्यावर हिवाळा काढतात. घोड्याची हिवाळी लव दिवस लहान होऊ लागले की वाढते. थंडीची वाट ती पाहत नाही. थंडी पडली की हे केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा अडकते. ती हवाच त्याची गोधडी. केस भिजले, चिखलाने चिकटले किंवा जड झुलीखाली दबले, की गोधडी गेली. म्हणून कोरडा घोडा बर्फात बरा असतो आणि ओला घोडा पागेतही कुडकुडतो. मात्र आपल्या पागेतले घोडे झंस्कारी नाहीत. ते मैदानातून आलेले, पातळ कातडीचे, थोरोब्रेड रक्ताचे आहेत, आणि ज्यांचे केस स्पर्धांसाठी कातरले जातात त्यांना साधारण पाच अंशांच्या खालीच ऊब टिकवायला जादा खर्च येऊ लागतो. जखमी घोडा हालचाल करत नाही, म्हणजे स्नायूंची ऊबही नाही. त्याला झूल लागतेच.

पण घोड्याची खरी शेगडी पोटात असते. घोड्याचे जठर त्याच्या आकारमानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचे. चारा पचतो तो पुढे, मोठ्या आतड्यात, जिथे असंख्य सूक्ष्म जीव गवताचे तंतू कुजवत असतात. या कुजण्यातून उष्णता निघते. शेणखताच्या ढिगात हात घातला तर तो गरम लागतो, तोच प्रकार. म्हणून थंडीत घोड्याला ऊब द्यायची असेल तर वाळलेले गवत वाढवायचे, चंदी नव्हे. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो सुका चारा लागतो. कडाक्याच्या रात्री त्यात एक-दीड किलो वाढवायचा, आणि तो संध्याकाळी उशिरा टाकायचा, म्हणजे पहाटेपर्यंत शेगडी पेटती राहते.

इथेच आपली माया आडवी येते. आपल्याकडे आजारी माणसाला थंडीत डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी आणि गूळ. त्याच मायेने सुट्टीत भेटायला आलेले पालकही जखमी घोड्याला गूळ-पोळी चारतात, आणि साईस चंदीचा तोबरा वाढवतो की 'बिचाऱ्याला ताकद यावी'. घोडा कामावर असताना दाणा पचवतो. बंद खणात उभ्या असलेल्या घोड्याला तोच दाणा पोटशूळ देतो, किंवा खुरात उतरतो. खुरात उतरतो म्हणजे काय, ते पुढे येईलच. जखम झालेल्या दिवसापासून चंदी निम्म्याहून कमी आणि चारा भरपूर, असा माझा नियम आहे. डॉक्टर वेगळे सांगतील तर त्यांचे ऐकायचे.

आता पहिला तास. घोडा जखमी दिसला की धावत जायचे नाही. ओळखीचा, गरीब घोडाही वेदनेत लाथ मारतो. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. मोरकी घाला, एकाने डोके धरावे, दुसऱ्याने जखम पाहावी, आणि दोघेही घोड्याच्या एकाच बाजूला उभे असावेत. म्हणजे डोके आपल्याकडे वळवले की मागचा भाग आपल्यापासून दूर जातो. पुढे दोरखंडाने घट्ट जखडून मागे वाकून बसू नका.

रक्त पाहून घाबरू नका. चारशे किलोच्या घोड्यात तीस लिटरच्या आसपास रक्त असते. एक-दोन लिटर बर्फावर सांडले तर सगळे अंगण लाल दिसते, पण घोडा त्याने मरत नाही. जाड स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे उचलू नका. दर मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघणारे कॅडेट मी पाहिलेत. प्रत्येक वेळी धरलेली खपली निघते. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवा. लाल रक्त ठेका धरून उडत असेल तर ते दाबून धरूनच डॉक्टरांना फोन करायचा.

धुवायला उकळून कोमट केलेले पाणी, लिटरला नऊ ग्रॅम मीठ. एवढेच. हळद, राख, टर्पेंटाइन, इंजिनचे काळे तेल, मोरचूद, यांतले काहीही जखमेत भरायचे नाही. मोरचुदाची पूड पायावरचे वाढलेले मांस 'खाते' म्हणून जुनी माणसे वापरत. ती चांगले मांसही तितकेच खाते. एरवी सूज उतरवायला आपण पायावर गार पाण्याची नळी सोडतो. बर्फाच्या दिवसांत तेही नको. ओला पाय गोठतो, कातडी फुटते आणि एका जखमेच्या दोन होतात.

मग जखम कुठे आहे ते पाहा, कारण घोड्याच्या बाबतीत जखमेच्या आकारापेक्षा जागा महत्त्वाची. छातीवर किंवा पुठ्ठ्यावर वीतभर फाटले तरी तिथे मांस आहे, रक्तपुरवठा आहे, भरून येते. गुडघ्याच्या खाली मात्र घोड्याच्या पायात स्नायू नाहीतच. हाड, शिरा, दोऱ्यांसारखे कंडरा आणि वर ताणलेली कातडी. तिथे रक्त आधीच कमी, थंडीत आणखी कमी. सांध्याजवळचे बोटभर भोकही फार वाईट. त्यातून पिवळसर, बोटांना तार धरणारे पाणी येत असेल तर सांधा उघडा पडला आहे असे समजा आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, म्हणजे ते रस्त्याची वाट न पाहता काही व्यवस्था करतील. आणि धनुर्वाताची लस कधी दिली होती ती तारीख फोनवरच सांगा. पागेच्या माती-लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

फोन करण्याआधी चार आकडे हातात हवेत. ताप: निरोगी घोड्याचा साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस. नाडी: जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवून मोजा, मिनिटाला २८ ते ४४. श्वास: बरगड्या पाहून मोजा, ८ ते १६. चौथा आकडा हिरड्यांचा: अंगठ्याने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. कान गार लागले म्हणून घोडा गारठला असे ठरवू नका. झुलीखाली, कोपराच्या मागे हात घाला; तिथे ऊब असली पाहिजे. थर्मामीटरला दोरी बांधायची, हे सांगायला नको. ज्यांनी बांधली नव्हती ते पुन्हा विसरत नाहीत.

इतके सांगितल्यावर आता ताराची हकीकत. तुमच्यातल्या मोठ्या वर्गांना ती माहीत आहे, पण आकड्यांसकट ती कोणी लिहून ठेवलेली नाही.

तारा चौदा वर्षांची, कुमाइत रंगाची, सव्वाचारशे किलोची घोडी. फेब्रुवारीत, तुम्ही सुट्टीवरून परत आलात त्याच आठवड्यात, रात्री वादळात चारा-कोठीच्या छपराचा एक पत्रा सुटून आवारात पडला. त्या आवाजाने ती बिथरली आणि मागचा डावा पाय त्या पत्र्यावर घातला. नळीच्या पुढच्या बाजूला तळहाताएवढी कातडी जिभेसारखी लोंबत होती. सांधा चार बोटे वर राहिला, म्हणून वाचली. बाहेर उणे चार अंश होते आणि घोडी बर्फाळ पावसात भिजलेली.

आधी पाय दाबून रक्त थांबवले, वर सांगितल्याप्रमाणे. त्याच वेळी साईस काकांनी तिच्या अंगाला वाळक्या गवताच्या मुठींनी घासायला सुरुवात केली होती. मग पाठीवर गवताचा पातळ थर अंथरून त्यावर झूल टाकली. ही जुनी युक्ती आहे आणि फार चांगली आहे: गवतातून अंगाची वाफ वर निघते, झूल अंगाला चिकटत नाही, आणि तासाभराने गवत काढून कोरडी झूल घातली की घोडा आतून सुका झालेला असतो. नुसती झूल ओल्या अंगावर टाकली तर ती ओल कोंडून धरते.

कोणीतरी शेगडी आणू म्हणाले. मी नाही म्हटले, आणि पुढेही नाहीच म्हणेन. पागेत पेंढा असतो, आणि बंद जागेत कोळशाचा धूर माणसालाही मारतो. खिडक्यांना पोती लावून सगळे बंद करण्याच्याही मी विरोधात आहे. मुताचा उग्र वास तुमच्या डोळ्यांना झोंबला, तर घोड्याच्या फुप्फुसांना तो कधीचाच झोंबतो आहे. वारा अंगावर थेट येऊ नये, पण वरची झरोक्याची हवा चालू हवी. ऊब खालून द्यावी: हातभर जाड पेंढ्याची गादी. लाकडाचा भुसा जखमेला चिकटतो, म्हणून तो तिला घातला नाही.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. टाके, प्रतिजैविक, वेदनाशामक, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि खणातून न हलवण्याची सूचना. पट्टी उत्तम बांधली. सगळ्यांना हायसे वाटले.

माझ्या पागेत जखमी घोड्याच्या दाराला पहिल्या दिवसापासून एक वही टांगलेली असते. पाळीवरच्या कॅडेटने त्यात आकडे लिहायचे: वरचे चार, शिवाय किती लिटर पाणी प्याली, किती किलो चारा खाल्ला आणि किती वेळा लीद टाकली. निरोगी घोडा दिवसात आठ ते बारा वेळा लीद टाकतो. शेवटच्या रकान्याला पोरे हसतात. नववीतला एक कॅडेट तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे आला तेव्हा हसत नव्हता. "सर, परवा सात होती, काल चार, आज दोनच. आणि वाळलेली आहे, सुपारीसारखी." पाण्याचा रकाना त्याने बोटाने दाखवला: १८, १२, ९.

पायाकडे पाहिले तर सगळे छान होते. सूज बेताची, ताप ३७.९. पण नाडी ४८ आणि हिरड्या बोटाला चिकट लागत होत्या. घोडी पोटाकडे वळून एकदा बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची. ती लोळत नव्हती, पाय आपटत नव्हती. पोटशूळाची मोठी नाटके नंतर येतात. सुरुवात अशी गप्प असते.

काय होत होते ते समजून घ्या, कारण प्रत्येक हिवाळ्यात हेच होते. मैदानात घोडा हिवाळ्यातही बरसीम खातो. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांश पाणीच असते, म्हणून तो चाऱ्यातूनही पाणी पितो. आपल्याकडे बर्फात फक्त सुके गवत, त्यात पाणी जेमतेम दहावा-सातवा हिस्सा. म्हणजे ते पचवायला बाहेरून पाणी जास्त हवे, आणि नेमके त्याच वेळी घोडा कमी पितो, कारण बादलीतले पाणी गोठणबिंदूला टेकलेले असते. एरवी तो चालतो-फिरतो, त्याने आतडे हलते. जखमी घोडा उभा आहे. मोठे आतडे एका जागी अचानक वळते आणि अरुंद होते. कोरडा चारा तिथे घट्ट होऊन बसतो, बुचासारखा. घोड्याला उलटी होत नाही, ती सोय निसर्गाने त्याला दिलेली नाही. जे अडकले ते मागूनच निघायला हवे. बर्फ चाटून त्याचे भागत नाही. हवे तेवढे पाणी त्यातून मिळत नाही आणि बर्फ वितळवायला अंगाचीच ऊब खर्ची पडते.

डॉक्टरांना रात्रीच फोन केला. ते पहाटे आले आणि नाकातून नळी घालून कोमट पाणी व औषध पोटात सोडले. दुपारी तिने लीद टाकली. पागेत टाळ्या वाजलेल्या तुम्ही ऐकल्या असतील. बाहेरच्या माणसाला वाटले असते सामना जिंकला.

त्यानंतर तिच्या पाण्याची व्यवस्था बदलली. मेसमधून दिवसात चार वेळा गरम पाण्याचा डबा यायचा. गार पाण्यात मिसळून, कोपर बुडवले तर सुखद वाटेल इतपत कोमट करून, बादली तिच्यासमोर धरायची. बादली पेंढा भरलेल्या जुन्या टायरमध्ये बसवली, म्हणजे लवकर निवत नव्हती. तासाभराने उरलेले मोजून ओतून टाकायचे. दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास मीठ, म्हणजे तहान लागते. गवतही देण्याआधी कोमट पाण्यात भिजवून, निथळून. भिजवलेले गवत रात्री गोठते, म्हणून ते फक्त दिवसा आणि खाईल तेवढेच, रात्री कोरडे. दुसऱ्या दिवसापासून ती २४ ते २७ लिटर पिऊ लागली. मेसच्या आचाऱ्यांनी पहिले दोन दिवस कपाळाला आठ्या घातल्या, मग तेच पाणी घेऊन पागेत येऊ लागले, सोबत गाजर. गाजर चालते.

चाऱ्याच्या बाबतीत आपल्या इतिहासात एक मोठा हिवाळा आहे. १७६० च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांची छावणी पानिपतावर अडकली. रसदेची वाट तुटली, माणसांबरोबर जनावरेही उपाशी राहिली आणि लढाईच्या दिवशी जे घोडे उभे होते ते खंगलेले होते. उत्तरेच्या थंडीत दक्षिणेतली माणसे आणि जनावरे गारठली, असे आपण शाळेत ऐकतो. ते खरेच आहे, पण भरल्या पोटाचा घोडा ती थंडी झेलतो. उपाशी घोड्याची शेगडीच विझलेली असते. इतिहासाच्या तासाला या बाजूनेही प्रश्न विचारून पाहा.

आता धड पायाचे. लेखाच्या सुरुवातीला मी म्हटले की घोडा धड पायाने जातो. अमेरिकेतल्या बारबारो या शर्यतीच्या घोड्याचे उदाहरण जगभर माहीत आहे. मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकल्यानंतर दोनच आठवड्यांनी दुसऱ्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, उत्तम रुग्णालय, उत्तम डॉक्टर. हाड सांधू लागले. पण सगळा भार घेतलेल्या मागच्या डाव्या पायाच्या खुरात रोग झाला, पुढे इतर खुरांतही, आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला वेदनेतून सोडवावे लागले.

खुराच्या भिंतीला आतले हाड असंख्य नाजूक पापुद्र्यांनी लटकलेले असते. घोडा पाय टेकतो आणि उचलतो त्या क्रियेने तिथे रक्त खेळते. एकच पाय दिवसरात्र दाबून ठेवला तर पापुद्रे उपाशी राहतात, सुजतात आणि सुटू लागतात. जास्त दाण्यानेही हीच सूज येते, म्हणून मघाशी म्हटले की दाणा खुरात उतरतो. तर जखमी पायाकडे पाहून झाले की त्याच्या जोडीच्या पायाकडे पाहायचे. खूर नेहमीपेक्षा गरम आहे का? खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे बोट ठेवले तर नाडी ठणठण लागते का? घोडा मधूनमधून भार बदलतो का? दुखऱ्या पायावर थोडा भार घेऊन धड पाय क्षणभर सैल सोडतो, हे चांगले चिन्ह. तारा पाचव्या दिवशी असे करू लागली तेव्हा मला टाके सुकल्यापेक्षा जास्त बरे वाटले. जोडीच्या पायालाही आम्ही आधाराची पट्टी बांधली होती आणि पेंढा खोल ठेवला होता, म्हणजे खुराच्या तळाला सगळीकडून टेकू मिळतो आणि घोड्याला आडवे व्हावेसे वाटते. आडवा झालेला घोडा चारही पायांना सुट्टी देतो.

पट्टीबद्दल थोडक्यात, कारण ती प्रत्यक्ष हाताने शिकायची गोष्ट आहे. कापसाचा जाड थर आधी, पट्टी नंतर. ताण सगळीकडे सारखा. गाठ कंडरावर कधीही नाही, बाहेरच्या बाजूला. थंडीत बोटे बधिर झाली की ताण कळत नाही, म्हणून बांधणाऱ्याने आधी हात शेकून यावे. सामान सगळे आधी मांडून मगच जुनी पट्टी सोडा, कारण उघडी जखम थंड हवेत जितकी कमी राहील तितकी बरी. ओली पट्टी रात्रभर राहू द्यायची नाही. पायाच्या जखमेत लाल, दाणेदार मांस कडेच्या वर येऊ लागले तर डॉक्टरांना दाखवा, स्वतः काही लावू नका. ताराच्या जखमेच्या खालच्या टोकाला ते आले होते. त्यांनी कापून काढले, पट्टी दाबून बांधली, बसले.

पंधराव्या दिवशी टाके निघाले आणि पाचव्या आठवड्यात तिला चालवायची परवानगी मिळाली. चालवायचे ते कदमावर, हातात धरून, सरळ रेषेत, उन्हाच्या वेळी: पहिले चार दिवस पाच मिनिटे, मग दहा. बाहेर बर्फ होताच, म्हणून एक शेवटची गोष्ट उरते, नालेची. नाल मारलेल्या खुरात बर्फ दाबून गोळा बनतो आणि घोडा जणू चार चेंडूंवर उभा राहतो. जखमी पायाचा घोडा अशा वेळी घसरला तर सगळे केलेले वाया. १८१२ मध्ये नेपोलियनचे सैन्य मॉस्कोहून परतताना बर्फाच्या खिळ्यांची नाल बहुतेक घोड्यांना नव्हती. निसरड्या चढावर पडलेले घोडे उठलेच नाहीत आणि तोफा मागे राहिल्या. आपल्याला तोफा ओढायच्या नाहीत, तर उपाय सोपा आहे. नालबंदाला बोलावून ताराच्या नाली आम्ही पहिल्याच आठवड्यात, ती खणात असतानाच, काढून घेतल्या होत्या. बाहेर नेण्याआधी खुराच्या तळाला साधे व्हॅसलिन चोपडायचो, आणि परत आल्यावर खूर खरवडून, पायाच्या केसांतला बर्फ हाताने काढून, पाय कोरड्या कापडाने पुसायचो. साईस काका आतल्या मिनिटांपेक्षा या पुसण्याला जास्त वेळ घेत आणि मी त्यांना कधी घाई केली नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नालबंदाने नव्या नाली ठोकल्या. डॉक्टरांनी दुडकीवर दोन्ही हातांना फिरवून पाहिली आणि स्वार घ्यायला हरकत नाही म्हणाले, हलका स्वार आणि वीस मिनिटे. जखमेच्या जागी पांढरे केस आले आहेत. वही अजून तिच्या खणाच्या दाराला आहे. शेवटच्या पानावर लिदीचा आकडा नऊ.